हेर, बालवीर आणि राजाची शपथ

‘स्काऊट म्हणजे काय?’ असं शाळेत कुणी विचारलं असतं तर आमच्यापैकी बहुतेकांनी गळ्यातल्या स्कार्फकडे बोट दाखवलं असतं. गाठी, शिट्टी, तंबू, तीन बोटांची सलामी हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. शब्दाचा अर्थ मात्र कुणी सांगितला नव्हता आणि आम्हीही विचारला नव्हता. ‘स्काऊटचा तास’ हा ‘पीटीचा तास’ असावा तसाच एक तास. एमसीसी, आरएसपी, स्काऊट-गाईड. यातलं काहीतरी एक घ्यायचं असतं, एवढंच.

पुढे कधीतरी शब्दकोश चाळताना कळलं की स्काऊट म्हणजे सैन्याच्या पुढे जाऊन शत्रूची बातमी काढणारा. मराठीत साधा शब्द आहे, हेर. शिवाजी महाराजांच्या बहिर्जी नाईकांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलांना हा शब्द समजावून सांगायचीही गरज नाही. तरीही ‘बालहेर पथक’ असं काही आपल्याकडे रूढ झालं नाही. मराठीत शब्द आला तो ‘बालवीर’. मुलींसाठी ‘वीरबाला’. हिंदीत आला ‘बालचर’. आणि शेवटी रोजच्या बोलण्यात टिकले ते ‘स्काऊट’ आणि ‘गाईड’ हे इंग्रजी शब्दच.

हे असं का झालं, हे शोधायला गेलं की एका मोठ्या कपाटाची कुलपं एकामागून एक उघडत जातात. स्काऊट चळवळीतल्या जवळपास प्रत्येक शब्दामागे कुणीतरी घेतलेला एक निर्णय आहे. कुठे सैन्य लपवायचं होतं, कुठे मुलींना वेगळं ठेवायचं होतं, कुठे राजाचं नाव काढून टाकायचं होतं. आणि हे शब्द साधे नाहीत, कारण ते दहा-बारा वर्षांचं मूल स्वतःच्या तोंडाने, ‘मी’ म्हणून उच्चारतं. त्या ‘मी’च्या पुढे काय लिहायचं यावरून भारतात चाळीसेक वर्षं रस्सीखेच चालली होती.

मेरठची व्याख्यानं, लंडनची पाक्षिकं

रॉबर्ट बेडन-पॉवेल हा इंग्रज अधिकारी 1876 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, घोडदळात भरती होऊन लखनौला आला. पुढे 1897 मध्ये तो दुसऱ्या एका घोडदळ रेजिमेंटचा प्रमुख म्हणून मेरठला होता. तिथे त्याने सैनिकांना टेहळणीचं खास शिक्षण द्यायला सुरुवात केली. पायांचे ठसे वाचणं, अंधारात वाट काढणं, कमी बोलून जास्त पाहणं. या शिकवणीतून ‘एड्स टू स्काऊटिंग’ हे छोटं पुस्तक तयार झालं आणि 1899 मध्ये छापलं गेलं. ते निव्वळ लष्करी पुस्तक होतं.

ते बाजारात आलं तेव्हा लेखक दक्षिण आफ्रिकेत मॅफेकिंग गावात बोअर सैन्याच्या वेढ्यात अडकला होता. वेढा 217 दिवस चालला. तो उठला तेव्हा बेडन-पॉवेल इंग्लंडमध्ये घराघरात पोचलेलं नाव झालं होतं. परत आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपलं सैनिकांसाठीचं पुस्तक शिक्षक मुलांना शिकवायला वापरताहेत. मग त्याने ते मुलांसाठी नव्याने लिहायचं ठरवलं. 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राऊनसी बेटावर वीसेक मुलांना घेऊन आठवडाभराचं शिबिर घेतलं आणि जानेवारी 1908 पासून ‘स्काऊटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक दर पंधरा दिवसांनी एक याप्रमाणे सहा भागांत विकायला आणलं. एका भागाची किंमत चार पेनी.

या पुस्तकाची भाषा मला त्याच्या कल्पनेइतकीच महत्त्वाची वाटते. त्यात ‘प्रकरण पहिलं, प्रकरण दुसरं’ नाही. प्रत्येक प्रकरणाला नाव आहे ‘कॅम्पफायर यार्न’. यार्न म्हणजे सूत आणि खलाशांच्या बोलीत लांबलचक गोष्ट. म्हणजे शेकोटीभोवती बसून काढलेलं गोष्टींचं सूत. नियमावली आहे, पण ती गप्पांच्या ओघात येते. मध्येच शेरलॉक होम्स येतो, मध्येच झुलू मुलं येतात, मध्येच किपलिंगचा ‘किम’ येतो. सिमल्याच्या दुकानात किमला ताटातले रत्नखडे क्षणभर दाखवून मग आठवायला सांगतात, तो खेळ इथे ‘किम्स गेम’ झाला. आजही शिबिरात ताटात दहा-वीस वस्तू मांडून, रुमाल टाकून हा खेळ घेतात.

दुसरी गोष्ट नियमांच्या व्याकरणाची. आपल्या शाळेच्या भिंतीवरचे सुविचार आठवा: खरे बोलावे, मोठ्यांचा मान राखावा. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांना हे चटकन कळेल, हा विध्यर्थ. नाहीतर मग आज्ञार्थ: थुंकू नका, ओरडू नका. स्काऊटचे नियम यातल्या कशातच बसत नाहीत. ते साधी विधानं आहेत. स्काऊट असा असतो, स्काऊट तसा असतो. मराठी व्याकरणात याला स्वार्थ म्हणतात. ‘प्राण्यांशी दयेने वागा’ आणि ‘स्काऊट प्राण्यांचा मित्र असतो’ यातला फरक मुलाला न सांगताही जाणवतो. पहिल्या वाक्यात कुणीतरी वरून बजावतंय. दुसऱ्यात एक ओळख समोर ठेवली आहे आणि ती तुझी आहे की नाही हे तुझं तू बघ, असं म्हटलंय. आज्ञा मोडली तर शिक्षा होते. इथे नियम मोडला तर आपण स्काऊट उरत नाही. पोरांना बांधून ठेवायला याहून घट्ट दोर शोधून सापडणार नाही.

पण याच नियमांत तो काळही बसला होता. 1908 च्या यादीतला दुसरा नियम निष्ठेचा. स्काऊट कुणाशी एकनिष्ठ असतो? राजाशी, आपल्या अधिकाऱ्यांशी, देशाशी आणि आपल्याला कामावर ठेवणाऱ्या मालकाशी. शपथेतही देवाच्या जोडीला राजा होता. ही यादी लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

सिवनीचा लांडगा जगभर

चळवळ सुरू झाली ती अकरा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी. पण धाकटे भाऊ मागे लागले. त्यांच्यासाठी 1916 मध्ये ‘वुल्फ कब’ ही शाखा निघाली. कब म्हणजे पिल्लू, वुल्फ कब म्हणजे लांडग्याचं पिल्लू. आपल्याकडे ‘कब पथक’ म्हटलं की हिंदी जाणणारी मुलं ‘कब? कब?’ करून हसतात. तो विनोद पिढ्यान् पिढ्या चालला असणार.

लहान मुलांना सैन्याचा खेळ नको, गोष्ट हवी, हे बेडन-पॉवेलला कळलं होतं. त्याने किपलिंगच्या परवानगीने ‘द जंगल बुक’ची सगळी दुनिया उचलली. मुलांचा प्रमुख झाला अकेला, कळपाचा म्होरक्या लांडगा. त्याच्या जोडीला बालू, बघीरा. मुलं गोल बसून लांडग्यासारखी आरोळी देतात.

आता हे शब्द एकदा मोठ्याने म्हणून बघा. अकेला, म्हणजे एकटा. बालू, म्हणजे भालू, अस्वल. बघीरा, बाघ या शब्दाच्या घरातला. हाथी तर आहे तसाच. आणि मोगलीचं जंगल कुठलं? सिवनीचं. नागपूरहून जबलपूरला जाणाऱ्या रस्त्यावर, पेंचच्या पलीकडे लागतं तेच सिवनी. मोगलीच्या गोष्टीतली वैनगंगा तीच, जी खाली उतरून आपल्या भंडारा-गडचिरोलीतून वाहते. किपलिंगच्या आधी रॉबर्ट स्टर्नडेल नावाच्या इंग्रजाने सातपुड्यातल्या आपल्या शिकारी-भटकंतीवर ‘सिवनी’ याच नावाचं पुस्तक 1877 मध्ये लिहिलं होतं. किपलिंगने त्याचा आधार घेतला.

म्हणजे झालं असं की मध्य भारतातले रोजचे शब्द इंग्रजी पुस्तकात गेले, पुस्तकातून संघटनेत गेले आणि तिथून नेदरलँड्स, बेल्जियम, पोलंडपर्यंत पोचले. तिथली आठ वर्षांची मुलं आपल्या ताईला किंवा दादाला ‘अकेला’ म्हणून हाक मारायला लागली. त्यांना त्याचा अर्थ ठाऊक असण्याचं कारणच नाही. हे शब्द जिथून निघाले त्या प्रदेशातल्या मुलांना मात्र त्या वेळी कब होता येईलच याची खात्री नव्हती. त्याकडे येण्याआधी मुलींच्या नावाची गोष्ट सांगायला हवी.

गाईड कुठून आली?

1909 च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊटांचा मोठा मेळावा भरला. तिथे काही मुली स्काऊटची टोपी घालून, काठी घेऊन, कुणीही न बोलावता हजर झाल्या. आम्हीही स्काऊटच आहोत, हे त्यांचं म्हणणं. ‘मुलींनी मुलांसारखं रानावनात हिंडायचं’ ही कल्पना त्या काळच्या इंग्लंडला झेपणारी नव्हती. मग त्यांच्यासाठी वेगळी संघटना आणि वेगळं नाव शोधण्यात आलं: गर्ल गाईड्स.

हे नाव पुन्हा हिंदुस्थानातलंच. 1846 मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेनने ‘कोअर ऑफ गाईड्स’ नावाची पलटण उभी केली होती. वायव्य सरहद्दीवर वाट दाखवणारी, बातमी काढणारी, लढणारी. धुळीच्या रंगाचा गणवेश याच पलटणीने सुरू केला आणि ‘खाक’, म्हणजे धूळ, यावरून ‘खाकी’ हा शब्द जगाला मिळाला. बेडन-पॉवेलला या पलटणीचं कौतुक होतं. गंमत अशी की मुलींना हेरगिरीच्या शब्दापासून लांब ठेवण्यासाठी जे सौम्य नाव निवडलं, तेही हेरगिरी करणाऱ्या पलटणीचंच होतं.

अमेरिकेत हा वाद संपलाच नाही. तिथे ज्युलिएट गॉर्डन लो हिने 1912 मध्ये गर्ल गाईड्स सुरू केल्या आणि वर्षभरात नाव बदलून ‘गर्ल स्काऊट्स’ केलं. मुलांच्या संघटनेच्या प्रमुखांना ते अजिबात रुचलं नाही. मुलींनी ‘स्काऊट’ म्हणवलं तर मुलांना तो शब्द नकोसा होईल, ही त्यांची भीती. शंभर वर्षांनी पारडं फिरलं. मुलांच्या संघटनेने मुलींना प्रवेश दिला आणि आपल्या मुख्य कार्यक्रमाच्या नावातून ‘बॉय’ काढलं, तेव्हा गर्ल स्काऊट्सच कोर्टात गेल्या. ‘स्काऊट’ शब्द कुणाचा, हाच खटला. 2022 मध्ये तो फेटाळला गेला. एका शब्दासाठी लोक एवढं का भांडतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

आपल्याकडे ‘गाईड’ या शब्दाची वेगळीच पंचाईत झाली. मराठी विद्यार्थ्याला गाईड म्हटलं की आधी परीक्षेच्या आदल्या रात्रीचं पुस्तक आठवतं, मग अजिंठ्याला माहिती सांगणारा माणूस, मग देव आनंद. स्काऊट-गाईडमधली मुलगी चौथ्या नंबरावर येते.

खडकी, लोणावळा आणि बाहेर उभी असलेली मुलं

हिंदुस्थानात पहिलं स्काऊट पथक 1909 मध्ये बंगळुरूला कॅप्टन टी. एच. बेकर यांनी काढलं. पुढच्या दोन वर्षांत सिमला, मद्रास, जबलपूर, पुण्याजवळची खडकी आणि लोणावळा इथे पथकं निघाली. 1911 मध्ये जबलपूरला मुलींची पहिली गाईड कंपनी सुरू झाली. गावांची यादी नीट पाहिली तर लक्षात येतं, यातली बरीच ठिकाणं छावणीची किंवा रेल्वेची. या पथकांत फक्त युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांना प्रवेश होता.

विचार करा. जबलपूर ते सिवनी अंतर एका दिवसाच्या प्रवासाचं. जिथल्या जंगलावरून पुढे सगळं कबिंग उभं राहिलं, तिथल्या मोगलीला जबलपूरच्या पथकात घेतलं नसतं.

आणि पहिल्या पानावरचा नियम काय सांगत होता? स्काऊट सर्वांचा मित्र असतो, दुसऱ्या प्रत्येक स्काऊटचा भाऊ असतो, मग तो कुठल्याही सामाजिक वर्गातला असो. यात पळवाट अशी की भाऊ व्हायला आधी स्काऊट व्हावं लागतं आणि स्काऊट होऊ द्यायचं की नाही हे सरकारच्या हातात. हिंदी मुलांना टेहळणी, संकेत आणि संघटित राहणं शिकवलं तर उद्या तेच आपल्यावर उलटेल, ही भीती सरकारला होती. म्हणजे बाकीच्यांना ‘नागरिकत्वाचं शिक्षण’ म्हणून सांगितलेल्या खेळाचा मूळ लष्करी अर्थ हिंदुस्थानात सरकारला पक्का आठवत होता.

मग लोकांनी स्वतःची पथकं काढली. 1916 मध्ये मद्रासला ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी इंडियन बॉय स्काऊट्स असोसिएशन सुरू केली. त्यांच्या मुलांच्या डोक्यावर साहेबी टोपीऐवजी फेटा आला. उत्तरेत श्रीराम बाजपेयी यांनी शाहजहानपूरला मुलांना घेऊन काम सुरू केलं होतं. 1918 मध्ये पंडित मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांच्या पुढाकाराने सेवा समिती स्काऊट असोसिएशन उभी राहिली. नावातच फरक बघा. इकडे स्काऊट, म्हणजे टेहळ्या. तिकडे आधी सेवा. यात्रेत हरवलेली पोरं शोधणं, पाणी देणं, साथीच्या रोगात मदत करणं, या कामाला जोडून स्काऊटिंग आलं.

‘बालचर’ आणि ‘बालवीर’ हे शब्द या वातावरणातले. दोन्हीत एक बारीक भेद आहे. बालचर हा शब्द मूळ अर्थाच्या जवळचा, कारण संस्कृतात ‘चर’ म्हणजेच बातमी काढत फिरणारा, गुप्तचरातला चर. पण ‘अनुचर’, ‘सहचर’ या शब्दांमुळे त्याला सोबतीचाही वास आहे. मराठीने मात्र टेहळणी पूर्ण सोडून दिली आणि थेट ‘वीर’ घेतला. मला स्वतःला त्यात थोडं नुकसान दिसतं. ‘हेर’ हे नाम बदनाम असेल, पण ‘हेरणं’ हे क्रियापद किती छान आहे. संधी हेरणं, माणूस हेरणं. पाहून, पारखून, मनात नोंदवणं. बेडन-पॉवेल मुलांना शिकवू पाहत होता ते नेमकं हेच. वीर व्हायला प्रसंग लागतो, तो रोज येत नाही. हेरायला नुसते डोळे उघडे लागतात.

1921 च्या सुरुवातीला व्हाईसरॉय चेम्सफर्ड यांच्या निमंत्रणावरून बेडन-पॉवेल हिंदुस्थानात आला. देशात तेव्हा असहकार पेटला होता. सरकारी शाळा सोडा, पदव्या परत करा, असं वातावरण. अशा वेळी एका बारा वर्षांच्या मुलाने तीन बोटं वर करून राजाप्रति कर्तव्याची शपथ घ्यायची, याचा अर्थ इंग्लंडमधल्या अर्थाहून फार वेगळा होता. बेझंटबाईंची संघटना मुख्य संघटनेत विलीन झाली, हिंदी मुलांना दार उघडलं. सेवा समिती मात्र बाहेरच राहिली.

पुढे फेब्रुवारी 1937 मध्ये दिल्लीला अखिल भारतीय जांबोरी झाली. जांबोरी हा शब्द आता वरळीच्या मैदानाच्या नावात आपण ऐकतो. मूळ अर्थ धामधुमीचा मेळावा. म्हातारा बेडन-पॉवेल तिला हजर होता. त्यानंतर हिंदी लोकांच्या चारित्र्याबद्दल त्याने केलेली अपमानकारक विधानं प्रसिद्ध झाली आणि मोठा गदारोळ उठला. ज्याने नियमांत भाऊ म्हटलं त्यानेच असं बोलावं, हे लोकांना लागलं. 1938 मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन वेगळी उभी राहिली.

1950 : नाव ठेवायचं काय?

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात एकाच खेळाच्या दोन मोठ्या संघटना आणि मुलींची तिसरी, अशी परिस्थिती होती. पंडित नेहरू, शिक्षणमंत्री मौलाना आझाद, मध्य प्रांताचे राज्यपाल म्हणून नागपूरला राहिलेले मंगलदास पक्वासा, तसंच कुंझरू, बाजपेयी आणि न्यायमूर्ती विवियन बोस यांनी त्यांना एकत्र आणायचं मनावर घेतलं. बोस हेही नागपूरचेच. तिथल्या उच्च न्यायालयातून पुढे ते सर्वोच्च न्यायालयात गेले. 7 नोव्हेंबर 1950 रोजी विलीनीकरण झालं, 15 ऑगस्ट 1951 रोजी मुलींची संघटनाही आली. नाव ठरलं ‘भारत स्काऊट्स अँड गाईड्स’.

या नावात तीन गोष्टी दिसतात. ‘इंडियन’ नाही, ‘भारत’ आहे. त्याच वर्षी अमलात आलेल्या संविधानाच्या पहिल्याच कलमात इंडिया आणि भारत शेजारी शेजारी बसले होते. ‘बालचर’ घेतला नाही, ‘स्काऊट’ ठेवला. इतक्या भाषांच्या देशात परकं नाव कुणा एकाचं नसतं, हा त्याचा एक फायदा. आणि तिसरी गोष्ट, ‘बॉय’ आणि ‘गर्ल’ दोन्ही गेले. ब्रिटनच्या संघटनेने ‘बॉय’ काढला तो 1967 मध्ये.

मग आतल्या शब्दांची डागडुजी सुरू झाली. इंग्रजी पद्धतीत नवख्या मुलाला ‘टेंडरफूट’ म्हणत, म्हणजे नाजूक पायाचा. त्यानंतर सेकंड क्लास, मग फर्स्ट क्लास, शेवटी किंग्ज स्काऊट. आपल्याकडे आता प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार असा क्रम आहे. सोपान म्हणजे पायरी. ‘मी सेकंड क्लास आहे’ असं म्हणणारा मुलगा आणि ‘मी दुसऱ्या पायरीवर आहे’ असं म्हणणारा मुलगा, दोघांची मान वेगळी असते. जातीपातीच्या आणि रेल्वेच्या डब्यांच्या देशात ‘क्लास’ हा शब्द काढणं ही फार शहाणपणाची गोष्ट होती.

इंग्लंडमध्ये सर्वांत लहान मुलींना ‘ब्राऊनी’ म्हणत, तिथल्या लोककथेतल्या घरकाम करणाऱ्या बुटक्या परीवरून. ‘ब्राऊन’ शब्दाचा भारतात काय अर्थ झाला असता हे सांगायला नको. आपल्या चिमुकल्या झाल्या बुलबुल. त्यांच्या पायऱ्या म्हणजे पंख: कोमल, रजत, स्वर्ण, हीरक. कब मुलांना मोगलीची गोष्ट, बुलबुलना ताराची.

मराठीनेही आपल्या परीने निवड केली. ‘पेट्रोल’ म्हणजे सहा-आठ मुलांचा गट. हिंदीत त्याला टोली म्हणतात, त्याचा टोलीनायक. मराठीत हाच शब्द ‘टोळी’ होतो आणि टोळी म्हटली की आपल्याला दरोडेखोर आठवतात. म्हणून मराठीत आला संघ आणि संघनायक. ‘गुड टर्न’चं झालं सत्कृत्य, रोज एक. ब्रिटनमध्ये 1949 पासून स्काऊट घरोघर फिरून एका शिलिंगला एक काम करत, त्याला ‘बॉब-अ-जॉब’ म्हणत. महाराष्ट्रात याच धर्तीच्या उपक्रमाला नाव आहे ‘खरी कमाई’. कष्टाचा पैसा आणि त्यातला अभिमान दोन शब्दांत बसवणारं हे नाव मला मूळ इंग्रजीपेक्षा सरस वाटतं. आता बऱ्याच शाळांत खरी कमाई म्हणजे पालकांनी घरून करून दिलेल्या भेळेचे स्टॉल, ही गोष्ट वेगळी. शब्दाची त्यात चूक नाही.

शपथेतली रिकामी जागा

सर्वांत नाजूक काम होतं शपथेचं. इंग्रजी शपथेची सुरुवात ‘ऑनर’ने होते, स्वतःच्या इज्जतीची हमी देऊन. हिंदी शपथेत तिथे ‘मर्यादापूर्वक’ आहे. हे भाषांतर शब्दाला शब्द ठेवून केलेलं नाही. ऑनर ही जगाने द्यायची आणि द्वंद्वात राखायची गोष्ट. मर्यादा स्वतःला घालून घ्यायची असते. एकाच जागी दोन वेगळ्या संस्कृतींचे दोन आदर्श उभे आहेत.

पुढे ‘देव आणि राजा’ होतं. राजा गेला, तिथे देश आला. देवाच्या जागी ज्याला हवं त्याने ‘धर्म’ म्हणावं, अशी मुभा ठेवली गेली. बुद्धाला मानणाऱ्या किंवा जैन घरातल्या मुलाला स्वतःच्या तोंडाने खोटं बोलावं लागू नये, एवढी काळजी त्या एका शब्दात घेतली आहे. शपथ लिहिणाऱ्याने शपथ घेणाऱ्याचा असा विचार करणं दुर्मीळ असतं.

नियम दहाचे नऊ झाले. त्यात एक नवी भर पडली. स्काऊट शिस्तीचा असतो आणि सार्वजनिक मालमत्तेच्या रक्षणाला मदत करतो. 1908 च्या यादीत हे नव्हतं. नव्या देशात बस, रेल्वे, शाळा आपल्या झाल्या होत्या आणि त्या आपल्या आहेत याची सवय व्हायची होती. एसटीच्या फाटक्या सीटवर बसून हा नियम वाचला की तो अजून कामाचा आहे हे पटतं.

आणि तो दुसरा नियम, निष्ठेचा? राजा, अधिकारी, देश, मालक अशी लांबलचक यादी होती तो. भारतीय नियमात तो दोन-तीन शब्दांचा उरला आहे: स्काऊट निष्ठावान असतो. बस्स. कुणाशी, ते लिहिलेलं नाही.

ही जागा विसरून रिकामी राहिली असेल असं मला वाटत नाही आणि जाणूनबुजून ठेवली असेल तर तिच्याइतकं धाडस या सगळ्या मजकुरात दुसरीकडे नाही. ज्या पिढीने ही भाषा घडवली तिने राजाशी एकनिष्ठ राहायला नकार दिला होता. काहींनी पदव्या परत केल्या होत्या, काहींनी नोकऱ्या सोडल्या होत्या. निष्ठा चुकीच्या ठिकाणी मागितली जाऊ शकते, हे त्यांनी अनुभवलं होतं. त्यांनी मुलाला निष्ठा हा गुण दिला आणि ती कुणाला वाहायची हे त्याच्यावर सोडलं.

शाळेत आम्ही हा नियम रांगेत उभं राहून एका सुरात म्हणत होतो. कुठेही न थांबता. ‘स्काऊट’ हा शब्द ज्या जुन्या फ्रेंच क्रियापदातून आला, त्याचा अर्थ आहे ऐकणं, जिवाचा कान करून ऐकणं. आज कुणी शिक्षक किंवा शिक्षिका स्काऊट-गाईडचा तास घेत असतील तर त्यांनी एकदा मुलांना याच नियमापाशी थांबवावं आणि विचारावं, ‘कुणाशी निष्ठावान?’ मग वर्गातली उत्तरं शांतपणे ऐकावीत.